‘डॉक्टर हू’ : पुण्यातल्या एका जुन्या चाहत्याला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यातली काही मंडळी अधूनमधून कुणाच्या तरी हॉलमध्ये जमून ‘डॉक्टर हू’चे भाग बघतो. कधी कोथरूडला, कधी औंधला, ज्याच्या घरचे त्या दिवशी बाहेर गेलेत त्याच्याकडे. नवा माणूस आला की पहिला चहा संपायच्या आत जे प्रश्न विचारतो, तेच नंतर मेसेजवरही येत राहतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न आधी, भानगडीचे मागून. जिथे कथेचा शेवट फुटतो तिथे तसं आधीच सांगितलंय.

१. हे ‘डॉक्टर हू’ आहे काय? हॉस्पिटलवरची मालिका आहे का?

नाही. डॉक्टर हा गॅलिफ्रे नावाच्या ग्रहावरचा प्रवासी. त्याच्या जमातीला टाइम लॉर्ड म्हणतात. टार्डिस नावाच्या यानातून तो काळात आणि अवकाशात भटकतो, सोबत बहुतेक वेळा पृथ्वीवरचं एखाददुसरं माणूस असतं. बंदूक वापरणं त्याला आवडत नाही. संकट आलं की तो बोलतो, डोकं चालवतो आणि पळतो. पळणं तर फारच.

‘हू’ हे त्याचं आडनाव नाही. कथेत सगळे त्याला नुसतं ‘डॉक्टर’ म्हणतात आणि खरं नाव गुपित आहे. एक अपवाद आहे, तो प्रश्न १५ मध्ये.

२. साठ वर्षं सलग चालू आहे म्हणतात, ते खरं का?

साठ वर्षं खरी, सलग नाही. बीबीसीवर पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ ला, शनिवारी संध्याकाळी. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती, त्यामुळे मालिकेकडे लक्ष द्यायला कुणाला सवड होती? बीबीसीने पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला पुन्हा दाखवला. तिथून १९८९ पर्यंत २६ सीझन झाले आणि मालिका बंद पडली. १९९६ मध्ये पॉल मॅकगनला घेऊन एक टीव्ही चित्रपट निघाला, पण त्याचं पुढे काही झालं नाही. २६ मार्च २००५ ला रसेल टी. डेव्हिस यांनी ती पुन्हा सुरू केली. चाहते १९८९ पर्यंतच्या भागांना ‘क्लासिक’ म्हणतात आणि २००५ नंतरच्यांना ‘नवी मालिका’. सध्या ती कुठे अडली आहे, ते प्रश्न १४ मध्ये.

३. एवढे शेकडो भाग! पहिल्यापासून बघायलाच हवेत का?

मुळीच नको. पहिल्यापासून लागलेले बरेच जण १९६४ च्या आसपास गळतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

२००५ चा ‘रोझ’ हा भाग मुद्दाम नवख्यांसाठीच लिहिलेला आहे, तिथून सुरू करणं सगळ्यात सोपं. पण कुणी एकच भाग बघून ठरवणार असेल तर मी २००७ चा ‘ब्लिंक’ लावतो. त्यात डॉक्टर जेमतेम दिसतो, मागचं काही माहीत असावं लागत नाही आणि संपल्यावर लोक घरातल्या पुतळ्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. जुन्यातलं काही हवं असेल तर १९७९ ची ‘सिटी ऑफ डेथ’. पॅरिसमध्ये चित्रित झालेली, डग्लस अॅडम्स यांचा हात लागलेली, सबंध विनोदी. गंभीर हवं असेल तर १९८४ ची ‘केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’.

क्लासिकमध्ये एक गोष्ट चार ते सहा छोट्या भागांत चालते. ती एका बैठकीत संपवू नका. प्रत्येक भागाचा शेवट पुढच्या शनिवारपर्यंत जीव टांगणीला लावण्यासाठी केलेला आहे, सलग बघितलं की ते सगळं एकसुरी वाटायला लागतं.

४. एवढं प्रगत यान, मग ते निळ्या पेटीसारखं का दिसतं?

ती पेटी म्हणजे त्या काळी ब्रिटनच्या रस्त्यांवर असलेली पोलीस बॉक्स, पोलिसांना फोन करण्यासाठीची. कथेतलं कारण असं की टार्डिसने जिथे उतरेल तिथल्या वस्तूचं रूप घ्यायला हवं, पण ती यंत्रणा १९६३ च्या लंडनमध्ये बिघडली आणि रूप तेच राहिलं. कथेबाहेरचं कारण पैसा. दर गोष्टीत नवं यान बांधायला कुणाकडे निधी होता?

आतून ती बाहेरच्यापेक्षा मोठी असते. पहिल्या भागात दोन शिक्षक आपल्या विद्यार्थिनीच्या मागावर भंगारच्या आवारात शिरतात, पेटीचं दार ढकलतात आणि एकदम लखलखीत पांढऱ्या, गोल खुणांच्या भिंतींच्या दालनात येऊन पडतात. कृष्णधवल चित्रातही ती झळाळी डोळ्यांत भरते.

५. मधेच नट बदलतो आणि कुणाला काही वाटत कसं नाही? (शेवट फुटत नाही, निश्चिंत वाचा)

कारण तो बदल कथेचाच भाग आहे. डॉक्टर मरणाच्या दारात पोचला की त्याच्या शरीराचा कायापालट होतो. चेहरा नवा, स्वभाव बराचसा नवा, आठवणी जुन्या. याला रिजनरेशन म्हणतात.

ही युक्ती सुचली ती नाइलाजातून. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळत चालली होती, संवाद लक्षात राहीनात. मालिका तर लोकप्रिय. बंद करण्याऐवजी निर्मात्यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये ‘द टेन्थ प्लॅनेट’च्या शेवटी हार्टनेलना टार्डिसच्या जमिनीवर आडवं केलं आणि त्यांच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन उठून बसले. गंमत म्हणजे तो शेवटचा भाग आज हरवलेला आहे (पाहा प्रश्न १०). बदलाची ती काही सेकंदं मात्र वाचली, कारण दुसऱ्या एका मुलांच्या कार्यक्रमात तो तुकडा दाखवला होता.

सगळ्यात जास्त काळ डॉक्टर राहिले टॉम बेकर, १९७४ ते १९८१. तो लांबलचक मफलर त्यांचाच. जोडी व्हिटेकर २०१७ मध्ये नेमली गेली तेव्हा ‘डॉक्टर बाई कशी?’ म्हणून बरीच आदळआपट झाली. पण डॉक्टरचा जुना शत्रू मास्टर त्याआधीच, २०१४ मध्ये, मिशेल गोमेझच्या रूपात बाई झाला होता. त्यामुळे कथेच्या नियमात आक्षेपाला जागाच नव्हती. त्या काळातल्या काही भागांच्या लेखनाबद्दल माझी तक्रार आहे, पण ती वेगळी.

६. डॉक्टरचे शत्रू डालेक म्हणजे चाकांवरची पिंपं. त्यांना घाबरायचं काय? आणि ते जिने कसे चढतात?

जिन्यांचा विनोद जुना आहे आणि मालिकेने त्याला उत्तरही दिलंय. १९८८ च्या ‘रिमेम्ब्रन्स ऑफ द डालेक्स’मध्ये डॉक्टर तळघरातून जिन्याने वर पळतो, मागे वळून बघतो, तर डालेक तरंगत पायऱ्या चढून येतोय.

भीतीचं म्हणाल तर डालेक पहिल्यांदा आले डिसेंबर १९६३ मध्ये, आणि पहिल्या दर्शनात पूर्ण दिसलेच नाहीत. बार्बरा नावाची शिक्षिका धातूच्या बोळात अडकलीय, भिंतीला पाठ लावून मागे सरकतेय, आणि कॅमेऱ्याच्या बाजूने तिच्या दिशेने फक्त एक दांडा येतो. टोकाला रबरी वाटी, मोरी तुंबल्यावर वापरतात ना, तशी. ती किंचाळते आणि भाग संपतो. मग आठवडाभर थांबा.

मालिकेची कल्पना ज्यांच्या पुढाकाराने उभी राहिली त्या सिडनी न्यूमन यांनी ‘बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत’ अशी ताकीद दिली होती. डालेक बघून ते संतापले. तरुण निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट मात्र हटल्या नाहीत आणि डालेकांनीच मालिका घराघरांत पोचवली. लेखक टेरी नेशन यांना त्यातून भरपूर मिळालं. पण ज्यांनी ते रूप घडवलं ते रेमंड क्युसिक बीबीसीचे पगारी डिझायनर, त्यांच्या वाट्याला किरकोळ बक्षिसापलीकडे काही आलं नाही. माणसाचे पाय दिसता कामा नयेत हा त्यांचा आग्रह होता. आत माणूस बसलाय हे माहीत असूनही डालेक माणूस वाटत नाही, ते त्यामुळे.

डालेकांवरची सर्वोत्तम गोष्ट १९७५ ची ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’. टॉम बेकरच्या हातात दोन उघड्या तारा आहेत. त्या एकमेकींना टेकवल्या की डालेकांची अख्खी जमात जन्माआधीच संपेल. तो तारा जवळ नेतो आणि थांबतो. मला हा अधिकार आहे का, असं तो सोबत्यांना विचारतो. ना स्फोट, ना धावपळ. नुसत्या दोन तारांमधल्या बोटभर अंतरावर सगळं लटकलेलं आहे. आमच्याकडे हा प्रसंग लागतो तेव्हा कुणी चिवड्यालाही हात घालत नाही.

७. जुने सेट हलतात, राक्षस रबराचे. हे आजच्या पोरांनी का सहन करावं?

हा प्रश्न विचारणाऱ्यांशी माझं दर वेळी भांडण होतं, म्हणून उत्तर लांबलंय.

राक्षस रबराचे असतात, कबूल. १९७५ च्या ‘द आर्क इन स्पेस’मध्ये एका माणसाचं किड्यात रूपांतर होतं आणि त्याचा हात चक्क बबल रॅपमध्ये गुंडाळून हिरवा रंगवलाय. तेव्हा बबल रॅप लोकांच्या फारसं ओळखीचं नव्हतं, आज आपण तो हात बघून हसतो. पण तो नट स्वतःचाच हात खिशात लपवतो, ते बघा. हसू तिथेच थांबतं.

माझं म्हणणं साधं आहे. या मालिकेत जे जे टिकलं ते तंगीतून आलं. टार्डिसचं रूप तसं (प्रश्न ४), रिजनरेशन तसं (प्रश्न ५). यान प्रकट होतानाचा तो घरघरणारा आवाज ब्रायन हॉजसन यांनी घराची किल्ली जुन्या पियानोच्या तारांवर घासून बनवला. शीर्षकसंगीताची चाल रॉन ग्रेनर यांची, पण डेलिया डर्बिशायर यांनी ती सिंथेसायझर हाताशी नसताना घडवली : एकेक स्वर वेगळा ध्वनिमुद्रित करायचा, फीत ब्लेडने कापायची, हव्या त्या लांबीला जोडायची. १९७० मध्ये मालिका रंगीत झाली, खर्च वाढला, म्हणून डॉक्टरला शिक्षा देऊन पृथ्वीवरच डांबला. परग्रहांचे सेट वाचले आणि जॉन पर्टवीचा तो पृथ्वीवरचा काळ अनेकांच्या आवडीचा ठरला.

नव्या मालिकेतही हेच. २००८ चा ‘मिडनाइट’ जवळजवळ सगळा एका बंद प्रवासी गाडीत घडतो. राक्षस दिसतच नाही. एक बाई आधी इतरांचं बोलणं जसंच्या तसं परत म्हणते, मग त्यांच्याबरोबर म्हणते, मग त्यांच्या आधी. बस, एवढंच. उलट पैसा हात सैल सोडून खर्च केलेले अलीकडचे काही भाग मला दुसऱ्या दिवशी आठवतसुद्धा नाहीत.

८. मुलगी आठ वर्षांची आहे. दाखवू का?

दाखवा, पण भाग निवडून आणि शेजारी बसून. ब्रिटनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ही मालिका सोफ्यामागे लपून बघितलीय, असं ते लोक कौतुकाने सांगतात. ‘ब्लिंक’ आणि गॅस मास्कवाल्या मुलाचा ‘द एम्प्टी चाइल्ड’ मात्र रात्री नको. २०१० चा ‘व्हिन्सेंट अँड द डॉक्टर’ चांगला, फक्त व्हॅन गॉगच्या मनाच्या आजाराबद्दल ती विचारेल, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

९. भारताशी काही संबंध आहे का? (‘डीमन्स ऑफ द पंजाब’चा शेवट फुटतो)

आहे, आणि अगदी पहिल्या भागापासून. तो दिग्दर्शित केला वारिस हुसेन यांनी. जन्म लखनौचा, १९३८ चा, आई लेखिका अतिया हुसेन. बीबीसीतल्या त्या काळच्या वातावरणात पंचविशीतला भारतीय दिग्दर्शक आणि तरुण स्त्री निर्माती, दोघांच्या हाती दिलेली ही मालिका कितपत चालेल याची वरच्यांना खात्री नव्हती. पुढे त्यांनी ‘मार्को पोलो’चेही बहुतेक भाग केले. ते बघायची माझी फार इच्छा आहे, पण एकही उरलेला नाही.

दुसरा धागा ११ नोव्हेंबर २०१८ चा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’, लेखक विनय पटेल. डॉक्टरची सोबतीण यास्मिन खान ऑगस्ट १९४७ मध्ये आपल्या आजीच्या तरुणपणात जाऊन पोचते. आजी उंब्रीन मुसलमान, तिचं लग्न ठरलंय प्रेम नावाच्या हिंदू तरुणाशी, आणि सरहद्द त्यांच्या शेतातूनच आखली जातेय. यास्मिनला कळतं की हा प्रेम काही आपला आजोबा नाही. म्हणजे त्याचं काय होणार हेही कळतं. परग्रहावरचे जे प्राणी मारेकरी वाटत होते ते असतात एकट्याने मरणाऱ्यांच्या शेवटच्या क्षणी हजर राहणारे. गोळी लागते ती प्रेमच्या सख्ख्या भावामुळे. लग्नात पडून फुटलेलं घड्याळ उंब्रीन जन्मभर दुरुस्त करत नाही.

चित्रण स्पेनमध्ये झालंय, ते झाडांवरून कळतं. तरीही पिंपरी कॅम्पातला आमचा एक सिंधी मित्र हा भाग संपल्यावर श्रेयनामावलीच्या पंजाबी ढंगाच्या संगीतापर्यंत काही बोलला नाही, आणि एरवी तो गप्प बसणाऱ्यांतला नाही.

१०. काही भाग ‘हरवले’ म्हणजे काय? कुणीतरी जपून ठेवले नाहीत?

पहिल्या सहा वर्षांतल्या २५३ भागांपैकी ९० हून अधिक भागांचं चित्र आज उपलब्ध नाही. व्हिडिओ टेप महाग होत्या, म्हणून त्या पुसून पुन्हा वापरल्या. कलाकारांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या, घरी व्हिडिओ बघण्याची सोय अजून यायची होती, मग जुनं सांभाळायचं कशाला? परदेशांना विकण्यासाठी काढलेल्या फिल्म प्रतीही हक्क संपल्यावर फेकल्या गेल्या. १९७८ च्या सुमारास हे थांबलं.

पण सगळ्या हरवलेल्या भागांचा आवाज आहे! लहान मुलांनी, तरुणांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो घरी मुद्रित केला होता. त्या आवाजावर आता अॅनिमेशन करून काही गोष्टी पुन्हा उभ्या केल्यात. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जॉस शहरातून एकदम नऊ भाग परत मिळाले. तेव्हा माळ्यावर फिल्मचे डबे असतील तर उघडून बघा.

११. यातलं विज्ञान कितपत खरं?

थोडं खरं, पुष्कळ थाप. नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलेल्या वाचकाला हे जड जातं, ठाऊक आहे.

खरं बघायचं तर २०१७ चा ‘वर्ल्ड इनफ अँड टाइम’. कृष्णविवराजवळ अडकलेलं ४०० मैल लांब यान. विवराजवळच्या टोकाला गुरुत्वाकर्षणामुळे काळ सावकाश चालतो, दूरच्या टोकाला भरभर. खालच्या, दूरच्या टोकाला अडकलेली सोबतीण बिल वर्षानुवर्षं पडद्यावर वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरकडे बघत राहते, आणि त्याची भुवई उंचावायलाच कितीतरी दिवस लागतात. आकडे ताणलेत, तत्त्व आइन्स्टाइनचं आहे.

सायबरमेन, म्हणजे हळूहळू यंत्र होत गेलेली माणसं, तीही अशीच. डॉ. किट पेडलर या वैद्यकीय संशोधकाची आणि गेरी डेव्हिस यांची ती कल्पना : एकेक अवयव बदलत गेलो तर माणूस नेमका कुठे संपतो? १९६६ मध्ये विचारलेला प्रश्न.

थाप बघायची तर १९८१ ची ‘लोगोपोलिस’. एका शहरातले गणिती परवचा म्हटल्यासारखे आकडे पुटपुटत बसतात आणि त्यावर विश्व तगून असतं. शास्त्र शून्य, पण मला फार आवडते. त्याच गोष्टीत टॉम बेकरचा डॉक्टर रेडिओ दुर्बिणीवरून पडतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. विज्ञान दिनाला तिथे लोकांना आत सोडतात तेव्हा जरूर जा. मफलर घालून गेलात तरी वर कुणी चढू देणार नाही.

१२. टाइम मशीन आहे तर मागे जाऊन सगळं दुरुस्त का करत नाही?

मालिकेने याचं एकच एक उत्तर कधी दिलेलं नाही. १९६४ च्या ‘द अॅझ्टेक्स’मध्ये डॉक्टर बजावतो की इतिहासातली एक ओळही बदलता येणार नाही. नव्या मालिकेत काही घटना पक्क्या खिळलेल्या, बाकीच्या लवचीक. २००८ च्या ‘द फायर्स ऑफ पॉम्पेई’त तो शहर वाचवत नाही, पण सोबतीण डोनाच्या रडण्यापुढे नमून एक कुटुंब वाचवतो. २००९ च्या ‘द वॉटर्स ऑफ मार्स’मध्ये तो हट्टाने नियम मोडतो आणि फार वाईट फसतो. कुठली घटना खिळलेली? लेखकाला त्या आठवड्यात हवी असेल ती. यावर रात्र जागवू नका.

१३. रिजनरेशन बाराच वेळा होतं ना? मग पंधरावा डॉक्टर कसा? (इथे बरंच काही फुटतं)

मर्यादा १९७६ च्या ‘द डेडली असॅसिन’मध्ये आली : बारा बदल, म्हणजे तेरा शरीरं. आता मोजा. हार्टनेल ते मॅकगन आठ. मग २०१३ मध्ये उघड झालेला जॉन हर्टचा युद्धातला अवतार. तो स्वतःला डॉक्टर म्हणवत नाही, म्हणून त्याला क्रमांक नाही, पण शरीर खर्ची पडलंच. एकल्स्टन दहावं. डेव्हिड टेनंट अकरावं, आणि त्याने २००८ मध्ये चेहरा तोच ठेवून एक बदल वापरला, ते बारावं. मॅट स्मिथ तेरावा, म्हणजे खेळ खलास. २०१३ च्या नाताळच्या भागात टाइम लॉर्डनी त्याला नवा साठा दिला, म्हणून कपाल्डी, व्हिटेकर आणि पुढचे.

टेनंट दहावाही आहे आणि चौदावाही. २०२३ मध्ये त्याच्यातून पंधरावा, शूटी गॅटवा, वेगळा निघाला आणि दोघेही राहिले. जो मार्टिन या नटीने केलेली डॉक्टर कुठल्याच यादीत बसत नाही. २०२० च्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ने डॉक्टरची अगणित विसरलेली आयुष्यं होती असं सांगून मोजणीतली हवाच काढली. माझ्या मते तो भाग अनावश्यक होता, जे गूढ होतं त्याचा हिशेब मांडून ठेवला.

१४. आता बंद पडली का? पुण्यात कुठे बघायची?

३१ मे २०२५ च्या भागात गॅटवा गेला आणि त्याच्या जागी बिली पायपर दिसली, जी २००५ मध्ये सोबतीण रोझ होती. ती नवी डॉक्टर की आणखी काही, हे त्या भागाने सांगितलं नाही. त्याच वर्षी डिस्नेची भागीदारी संपली आणि बीबीसीने २०२६ च्या नाताळसाठी विशेष भाग जाहीर केला. भारतात हक्क या अॅपवरून त्या अॅपवर जात असतात, त्यामुळे शोधूनच बघा. सबटायटल लावा, स्कॉटिश कपाल्डी भरभर बोलायला लागला की भले भले इंग्रजीवाले मान हलवत बसतात.

१५. पीटर कुशिंगचे दोन सिनेमे आहेत. तो कितवा डॉक्टर?

कितवाच नाही. १९६५ आणि १९६६ च्या त्या सिनेमांत डॉक्टर हा परग्रहावरचा नाही, पृथ्वीवरचा विक्षिप्त संशोधक आहे. टार्डिस त्याने घरामागे स्वतः बांधलीय आणि आडनाव खरोखरच ‘हू’ आहे. प्रश्न १ मधला अपवाद तो हा. कुठल्या गोष्टी अधिकृत आणि कुठल्या नाहीत याची यादी बीबीसीने कधीच काढली नाही, त्यामुळे वाद घालायचा तर मोकळं रान आहे. मी हे सिनेमे हिशेबात धरत नाही, पण बघतो. टीव्हीवर १९६९ पर्यंत डालेक करडेच दिसायचे. पडद्यावर लाल, निळे, सोनेरी डालेक लोकांना पहिल्यांदा बघायला मिळाले ते या सिनेमांत.